हलकी ट्यूब

मुखेड
२२ डिसेंबर २०२४

मनू,

जयभीम. पत्र पोचलं की माझ्या साध्या फोनवर मिस कॉल दे, मी उचलणार नाही. उचलला आणि मायानं तुझा आवाज ऐकला तर परत तेच. दाराकडं पळणार आणि दोन दिवस भाकरीचा तुकडा तोंडात घेणार नाही. साडेतीन वर्षांच्या लेकराला फोनमधली आई कळत नाही, ती दारामागं असणारच असं तिला वाटतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं लिहिली, तेवढीच हाताला सवय राहील.

तू सांगितल्याप्रमाणं काल तिला नांदेडला चामडीच्या डॉक्टरांकडं नेलं. आदिनाथ डॉक्टर म्हणून आहेत. सकाळच्या एसटीनं गेलो, नंबर लागायला दुपार झाली. गालावरचे चट्टे आणि कोपराच्या आतली खाज त्यांनी नीट बघितली. "इसबाचा प्रकार हाय, चिकटायचा रोग न्हाई, हवा कोरडी झाली की उठतो," म्हणाले. एक ट्यूब दिली आणि अंगाला चोपडायला एक मोठी बरणी. चिठ्ठीचा फोटो शेजारच्या तारामतीच्या मोबाइलवरून पाठवते.

औषध काही फार भारी दिलेलं नाही. बघू काय गुण येतो. डॉक्टर बोलायला बरे वाटले, पण तोंडात एक आणि मनात एक असणारी माणसं मी पुष्कळ बघितली. ते जाऊ दे.

एसटीत माया कंडक्टरला म्हणाली, "माझी आई लातूरला हॉस्टेल हाय." त्यानं तिला तिकिटाची कोरी पट्टी दिली, ती अजून मुठीत आहे.

तुझी आई


लातूर
२८ डिसेंबर २०२४

आई,

जयभीम. चिठ्ठीचा फोटो आला. डॉक्टरांचं वरचं इंग्रजी अक्षर मला लागलं नाही, पण खाली मराठीत लिहिलंय ते स्वच्छ आहे. दोन्ही गालांना मिळून अर्धं पेर, दिवसातून दोनदा, सात दिवस. बरणीतलं मात्र कायम, अंघोळ झाल्या झाल्या. पेर म्हणजे बोटाचं टोकाचं कांडं, आणि बोट तुझं, मायाचं नव्हे. तुला हे सांगायला नको. खिचडीची वाटी कमी भरली तर मदतनीस बाईला झापणारी तू. पण नातीच्या बाबतीत तुझा हात सैल सुटतो, म्हणून लिहिलं.

इथं पाण्याच्या टाकीवरून मुलींची भांडणं चालू आहेत. गृहपाल म्हणून रोज ऐंशी मुलींची हजेरी घेते आणि माझीच एक लेक त्यात नसते. धम्मदीपला चाकणच्या कंपनीतून या महिन्यात सुट्टी नाही, तेव्हा लेकीला बघायला तोही येणार नाही.

चट्टे कमी झाले की एक फोटो पाठव.

मनू


मुखेड
९ जानेवारी २०२५

मनू,

गुण आला. चौथ्या दिवशीच आला. गाल असे निघालेत की बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. खाज पळाली, पोरगी रात्रभर झोपते. फोटो पाठवलाय, बघून घे. तारामती म्हणाली, हा फोटो मी माझ्या स्टेटसला ठेवते. मी म्हटलं ठेव.

रंगसुद्धा उजळला. गल्लीतल्या बाया अडवून विचारतात, "सरजाबाई, नातीला काय लावून राहिल्या, आमाला बी सांगा की." मी म्हणते, नांदेडच्या डॉक्टरची ट्यूब हाय. औषध चांगलं असलं की आपोआप दिसतं, सांगावं लागत नाही.

सात दिवस कधीच होऊन गेले. बंद केलं की दोन दिवसांत परत उठतं, म्हणून चालू ठेवलंय. आणि तू पेराचं लिहिलंस, तर मी बोटभर घेते. कोपरालाही लागतंच की. लेकराला लावायला चिंगूसपणा कशाला करायचा.

तुझी आई


लातूर
१७ जानेवारी २०२५

आई,

फोटो बघितला आणि ऑफिसात रडले. कुणी विचारलं तर सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

पण सात दिवस लिहिलं असेल तर सात दिवस पाळ गं. परत उठत असेल तर डॉक्टरांना विचार, मनानं वाढवू नकोस.

चौदा एप्रिलला येते. तीन दिवसांची रजा मंजूर झालीय. मायाला जयंतीसाठी पांढरा फ्रॉक घेऊन ठेवलाय, निळ्या काठाचा. मिरवणुकीत तिला कडेवर घेऊन फिरायचंय मला.

मनू


मुखेड
११ मार्च २०२५

मनू,

लिहायला उशीर झाला. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही जपून ठेवली आहेत.

इकडं ऊन तापायला लागलंय. माया जरा अंगणात गेली की गाल लाल होतात, तोंड धुताना "आग, आग" म्हणते. एखाद्या दिवशी ट्यूब चुकली की ओठाभोवती बारीक पुटकुळ्या येतात. लावली की बसतात. उन्हाचंच असेल. मेडिकलवाला पण उन्हाचंच म्हणाला.

फोटो मागितलास, पण तारामतीचा मोबाइल बिघडलाय.

एप्रिलमध्ये यायला जमणार नसेल तर राहू दे. नवी नोकरी आहे, उगाच रजा मोडू नकोस. मायाला आता तुझ्यावाचून राहायची सवय होऊन राहिली आहे.

तुझी आई


लातूर
१७ मार्च २०२५

आई,

तारामतीकाकूंचा मोबाइल बिघडलाय म्हणतेस, आणि त्यांचं सुप्रभात मला रोज सकाळी सहाला येतं. आजही आलं, गुलाबाच्या फुलासकट. तेव्हा मी त्यांनाच मायाचा फोटो मागितला. त्यांनी पाठवला.

आई, हे काय झालंय? गालांवर लाल जाळी दिसतेय. हनुवटी पुरळानं भरलीय. जानेवारीतल्या फोटोतलं लेकरू हेच का, असं मी दोन फोटो शेजारी ठेवून बघत बसले.

आमच्या हॉस्टेलमध्ये वर्षाराणी म्हणून फार्मसी शिकणारी मुलगी आहे. तिला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, यात स्टिरॉइड आहे. साडेतीन वर्षांच्या लेकराच्या तोंडाला स्टिरॉइड! ती असंही म्हणाली की हे सगळ्यात सौम्य असतं, यानं असं व्हायला नको. पण ती अजून शिकतेय. मी मोबाइलवर शोधलं, नको नको ते फोटो पाहिले. गावाकडची माणसं दिसली की हे लोक काहीही हातावर ठेवतात. आपण विचारणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

ती ट्यूब आजच्या आज बंद कर. उद्या नाही, आज. डॉक्टरांविरुद्ध तक्रार अर्ज लिहून ठेवलाय, रजिस्टर पोस्टानं टाकणार आहे.

आणि मायाला मी लातूरला आणते. खोलीत लेकरू ठेवायची परवानगी मागितलीय. नाही मिळाली तर नोकरी सोडते. रागात लिहितेय, पण उद्या राग गेला तरी हेच लिहीन. परत तिला तिकडं ठेवणार नाही.

तुझा यात काही दोष नाही. तू बिचारी डॉक्टर सांगतील तसंच करत होतीस.

मनू


मुखेड
२४ मार्च २०२५

मनू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. आत्ताच फोनवरून तुला सांगितलं की उद्या परस्पर नांदेडला ये. मायाला घेऊन मी त्याच डॉक्टरांकडं येते. तिथं बाहेरच्या बाकावर हे तुझ्या हातात देईन. तू वाच, मग आत जा. फोनवर हे बोलायची माझी छाती झाली नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच ट्यूब बंद केली. तिसऱ्या दिवशी मायाचं तोंड सुजलं. लालबुंद झालं, पुटकुळ्यांतून पाणी सुटलं. हात लावू देत नाही. मी जवळ गेले की ती तोंड झाकून घेते.

तो अर्ज फाडून टाक. डॉक्टरांनी दिलेली ट्यूब पत्र्याच्या डब्यात आहे. तिचं टोक मी अजून फोडलेलंसुद्धा नाही. मायाला लावत होते ती दुसरी.

त्या दिवशी दवाखान्यात आमच्या पुढं एक बाई होती. हातात पाटल्या, दाराशी गाडी. तळहाताला भेगा पडलेल्या. डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्हाला भारी ट्यूब देतो, जरा जास्त दिवस लावा." मग आमचा नंबर आला. मायाला बघितलं, मग विचारलं, घर कुठं, अंघोळीला पाणी कुठलं. मी म्हटलं भीमनगर, बोअरचं पाणी. त्यांनी मान हलवली, लिहायला घेतलं आणि म्हणाले, "हिला हलकी ट्यूब बस्स होते."

मनू, तुला हा नुसता शब्द वाटेल. माझ्या लहानपणी गावात कुणाची ओळख करून घ्यायची झाली की विचारायचे, हलक्यातले का? कापडाच्या दुकानात आम्ही ओट्याखाली उभं राहिलो की मालक गादीवरून म्हणायचा, यांना हलक्यातलं दाखवा. अंगणवाडीत लागले त्या वर्षी वरच्या आळीतल्या लेकरांनी मी वाढलेली खिचडी खाल्ली नाही. त्यांच्या आया दारात उभ्या राहून सांगायच्या, हलक्यांच्या हातचं खायचं नाही. पुढं तीच लेकरं माझ्या पदराला तोंड पुसायला लागली. मला वाटलं, संपलं ते. आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या सगळं परत वर आलं. तिला भारी आणि माझ्या नातीला हलकी.

मी डॉक्टरांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि ते मला त्यांच्यासमोर नको होतं. मुखेडला उतरले ती घरी न जाता मेडिकलवर गेले. म्हटलं, "चामडीची लई भारी ट्यूब हाय का?" त्यानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. म्हणाला, "ही न्या मावशी, बाया गोऱ्या व्हायला हीच नेतेत." ती तीन महिने लावली. बोटभर.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांना दारोदार जाऊन सांगत आले, दुकानदाराच्या सांगण्यावरून लेकराला काही देऊ नका. दंडाला कुपोषणाची पट्टी लावून लेकरं मोजली, पोलिओचा एक थेंब चुकू दिला नाही. आणि स्वतःच्या नातीला काय केलं बघ.

तू लिहिलंस, तुझा दोष नाही. ती ओळ मला सोसली नाही म्हणून हे लिहिलं. मायाला घेऊन जा. मी अडवणार नाही. अडवायला मला तोंडच नाही.

सरजा


लातूर
२० एप्रिल २०२५

आई,

त्या बाकावर तुझं पत्र वाचलं आणि मायाला कडेवर घेतलं. आत गेले, बाहेर आले, तशीच लातूरच्या गाडीत बसले. तू स्टँडवर उभी होतीस ते खिडकीतून दिसत होतं. मी हात हलवला नाही. जयंतीलाही आले नाही. राग होता. अजून आहे, खोटं कशाला सांगू. कडक ट्यूब आणलीस त्याचा आहेच, पण जास्त राग त्या मोबाइल बिघडल्याचा आहे.

तू आत आली नाहीस, म्हणून आत काय झालं ते सांगते. तू दिलेल्या दोन्ही ट्यूबा मी टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, त्या दिवशी तळहाताला भेगा पडलेल्या बाईला भारी आणि हिला हलकी का? डॉक्टर म्हणाले, "दोन्हीत स्टिरॉइडच आहे, फरक जाळाचा. त्या बाईच्या तळहाताची कातडी जाड, तिथं मोठा जाळ लागतो. लेकराच्या गालाची कातडी दुधावरच्या सायीएवढी. तिला मंद जाळ. मोठा लावला तर आधी सगळं छान दिसतं, मग कातडीच झिजते." घर आणि पाणी विचारलं ते बोअरचं जड पाणी इसब वाढवतं म्हणून. मी अर्जाचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "स्टिरॉइड ऐकून घाबरणारे आणि न विचारता महिनोन् महिने लावणारे, दोघंही शेवटी माझ्याच दारात येतात. हलकी असेल, थोडी असेल, थोडे दिवस असेल, तर या आजाराला तिच्यासारखी दुसरी नाही. पण भारी लावत असाल तर अशी एका झटक्यात तोडायची नसते, मला विचारून उतरवायची असते."

म्हणजे आई, तिचं तोंड सुजलं त्यात माझाही हात आहे. उद्या नाही, आज, असं मीच लिहिलं होतं.

मग तुला न विचारता तुझं पत्र मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. असा कधी ऐकला नाही." नंतर मी औषधं समजून घेत तिथंच उभी होते, तर पुढच्या पेशंटला ते म्हणाले, "तुम्हाला सौम्य ट्यूब देतो." त्या बाईनं विचारलं, "म्हंजी कसली?" बिचाऱ्यांनी दोन-तीन शब्द शोधून पाहिले आणि शेवटी परत हलकी म्हणावं लागलं. मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

तुझ्या कानाला मी खोटं म्हणणार नाही. कान उगाच असे होत नाहीत. मला वर्षाराणीनं सौम्य म्हणून सांगितलं होतं, तरी मी काय ऐकलं? गावाकडची माणसं बघून काहीही देतात. तुझा कान माझ्याकडं आलाय, आई. माझा मायाकडं जाऊ नये एवढंच वाटतं.

तिचं आता बरं आहे. पुटकुळ्या सुकल्या. पोटात घ्यायचं एक पातळ औषध आहे, बरणीतलं दिवसातून तीनदा, आणि ती डब्यातली ट्यूब डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवस, दर आठवड्याला कमी करत. लाली जायला अजून दोन-तीन महिने लागतील म्हणाले, पण लहान लेकराची कातडी आहे, भरून येईल. मी लावायला बसले की ती तोंड फिरवते. मी दाबून लावते म्हणे. काल म्हणाली, "आज्जीला बोलाव." इतकं होऊनही तिला तूच हवीस. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

खोलीची परवानगी मे अखेरपर्यंतच आहे. परत तिकडं ठेवणार नाही असं लिहिलं होतं, ते मागं घेते. जूनमध्ये तिला घेऊन येते. एकच मागणं आहे. काही चुकलं तर त्याच दिवशी सांग. मी ओरडेन, पण सांग.

मनू


मुखेड
२९ जून २०२५

मनू,

जयभीम. तू सोडून गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. माया फक्त पहिल्या दिवशी दाराकडं पळाली.

काही चुकलं तर त्याच दिवशी सांग म्हणालीस, म्हणून सांगते. चुकलेलं नाही, पण कोपराच्या आत परत उठलं आहे. सोमवारी नांदेडला नेलं. या वेळी मी आत गेले आणि बसून सगळं विचारलं. डॉक्टरांना म्हटलं, भारी का न्हाई देत ते सांगा आधी. त्यांनी माझ्याच हाताच्या मागची कातडी आणि मायाच्या गालाची कातडी शेजारी धरून दाखवली. ट्यूब पाच दिवस सांगितली आहे, कोपराला एक पेर. मी कॅलेंडरवर टिंबं देऊन राहिले. गालाला फक्त बरणीतलं. गालाची लाली आता जवळून बघितलं तरच दिसते. फोटो तारामतीच्या मोबाइलवरून रोज पाठवते, तो बरा झाला आहे.

आणखी एक काम केलं. माझ्या तोंडून ऐकून गल्लीतल्या तिघींनी ती गोरी व्हायची ट्यूब आणली होती. तिघींच्या घरी जाऊन सांगितलं की ती डॉक्टरांची नव्हती, मी खोटं बोलले, माझ्या नातीचं तोंड त्यानंच सोललं. जुन्या पिशवीत पट्टी घालून दारोदार फिरायचे तशी फिरले. सांगायला लाज वाटली, पण सांगून झाल्यावर पायात बळ आलं. एकीनं ऐकलं नाही. तिच्याकडं परत जाईन.

काल दुपारी कोपराला लावत होते. चुलीवर दूध होतं, घाईत हात जोरात पडला. माया कळवळली आणि म्हणाली, "आज्जी, हलकं लाव."

मनू, सहासष्ट वर्षं हा शब्द लोकांनी माझ्या अंगावर टाकला. काल पहिल्यांदा कुणी तो माझ्याकडं मागितला. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. बसले आणि तिला हलकं लावलं.

तुझी आई